दुखण्याचा पोशाख

माझी मुलगी नागपूरला फॅशन डिझायनिंग शिकते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती चंद्रपूरला घरी आली, तेव्हा जेवणं झाल्यावर तिनं मोबाइलवर काही फोटो दाखवले. एक उंच, सडपातळ मुलगी. अंगात काळा झगा. मानेला दवाखान्यात देतात तसा पट्टा, पोटावर आवळलेली चामड्याची आणि लोखंडाची पट्टी, गुडघ्याला बकलं, आणि हातावरून खाली लोंबणाऱ्या पारदर्शक नळ्या. चेहरा पांढराफटक. मी सहज विचारलं, "बिचारी पडलीबिडली होती का?"

मुलगी खूप हसली. म्हणाली, "नाही अब्बा, ही फॅशन आहे. हिला काहीही झालेलं नाही."

आता तुम्हीच सांगा, आमच्या पिढीच्या माणसानं यावर काय बोलावं? मला वाटलं तेच बोललो. म्हटलं, ज्याला खरंच पट्टा बांधावा लागतो तो देवाकडे रोज सुटका मागतो, आणि ज्याला काही झालेलं नाही तो पैसे देऊन पट्टा बांधतो. हा काय शौक झाला! त्यावर ती म्हणाली, "तुम्ही कवी आहात ना, मग असं पटकन रागावू नका. आधी समजून घ्या."

तिचं म्हणणं मला लागलं. मी समजून घ्यायला बसलो. तिची पुस्तकं चाळली, तिला प्रश्न विचारले. आणि लंडन-पॅरिसच्या या काळ्या कपड्यांचा विचार करता करता मी येऊन पोचलो तो आमच्या पठाणपुरा गेटच्या आतल्या एका शिंप्याच्या दुकानात. म्हणजे माझ्या मामूंच्या दुकानात, आणि त्यांच्या एका काळ्या चपलेपाशी. मित्रहो, आज तो सगळा प्रवास तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आधी ही फॅशन काय आहे ते पाहू. दवाखान्यातली साधनं, म्हणजे पट्टे, कुबड्या, प्लास्टर, कृत्रिम पाय, जखमेच्या पट्ट्या, यांच्यावरून कपडे बेतायचे, असा हा प्रकार. रंग बहुतेक काळा. अशा कपड्यांचा बाजार लहान, पण त्यांची चर्चा मोठी. १९८१ साली री कावाकुबो आणि योजी यामामोतो या दोन जपानी डिझायनरांनी पॅरिसमध्ये आपले कपडे दाखवले. काळे, ढगळ, काठ न दुमडलेले, भोकं पडलेले. तेव्हाच्या झगमगीत पॅरिसला तो धक्काच होता. पुढे १९९७ च्या उन्हाळ्यासाठी कावाकुबोबाईंनी असे कपडे केले की त्यांच्या आत पाठीवर, कमरेवर, खांद्यावर गाद्या शिवलेल्या होत्या. घालणारी बाई कुबड आल्यासारखी, गाठ आल्यासारखी दिसे. त्यांचा रोख सरळ होता. शरीराचा एकच आकार सुंदर, हे कुणी ठरवलं?

दुसरं मोठं नाव इंग्लंडचे अलेक्झांडर मॅक्वीन यांचं. हा गृहस्थ एका टॅक्सीवाल्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी लंडनच्या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत उमेदवारीला लागला. म्हणजे मुळात शिंपीच. त्यांच्या एका कार्यक्रमासाठी शॉन लीन या जवाहिऱ्यानं माणसाच्या पाठीच्या कण्याचा आणि बरगड्यांचा ॲल्युमिनियमचा साचा ओतला होता. बाईनं तो काळ्या कपड्यावर बाहेरून घालायचा. जे हाड कातडीच्या आत असतं, ते दागिन्यासारखं वर आलं. २००१ च्या संग्रहात त्यांनी एक लाल झगा केला. वरून तो चमकत्या टिकल्यांचा वाटतो. जवळून पाहिलं तर त्या टिकल्या नाहीत, काचेच्या पट्ट्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासायला वापरतात त्याच, लाल रंगवलेल्या.

हे वाचलं आणि मी थांबलो. कारण लंडनच्या प्रेक्षकांना ती काचपट्टी किती ओळखीची असेल ते मला ठाऊक नाही, पण गडचिरोलीच्या माणसाला ती पक्की ओळखीची आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागात हिवताप हा पाहुणा नाही, घरचाच आहे. तापाचा माणूस दिसला की आरोग्य कर्मचारी बोटाला सुई टोचणार, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेणार, एक थेंब जाड पसरणार, एक पातळ, आणि पट्टी वाळवून तपासणीला पाठवणार. आता जागच्या जागी निदान करणाऱ्या किट आल्या आहेत, पण कित्येक वर्षं पावसाळ्यात नदीनाले ओलांडून त्या पट्ट्या जात, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत ताप आपलं काम करत असे. त्या पट्ट्यांचा झगा! मुलीला म्हटलं, हा झगा आपल्याकडच्या एखाद्या आशाताईला दाखवला तर ती काय म्हणेल? मुलगी म्हणाली, "ती म्हणेल, एवढ्या पट्ट्या आमच्या केंद्राला द्या." आम्ही दोघंही हसलो. पण त्या झग्यानं एक गोष्ट केली हे मला मान्य करावं लागलं. जी वस्तू आपण पाहूनही पाहत नाही, तिच्याकडे त्यानं पाहायला लावलं.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र डिझायनर नाही, एक रुग्ण आहे. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो. लहानपणी पोलिओनं तिचा एक पाय बारीक झाला. १९२५ साली, अठरा वर्षांची असताना, तिच्या बसला ट्रामची धडक बसली. कणा मोडला, कंबर मोडली. त्यानंतर आयुष्यभर शस्त्रक्रिया आणि पाठीला आधार देणारी कवचं, कधी प्लास्टरची, कधी चामड्याची, कधी पोलादाची. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं काय करावं? त्या प्लास्टरच्या कवचावरच चित्रं काढली. १९५३ मध्ये पाय कापावा लागला, तर कृत्रिम पायाला लाल बूट करून घेतला, त्यावर भरतकाम आणि छोटी घंटी. १९५४ मध्ये ती गेली. तिच्या वस्तूंची खोली पन्नास वर्षं बंद होती, ती २००४ मध्ये उघडली. २०१८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात ती कवचं आणि तो लाल बूट लोकांनी रांगा लावून पाहिला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९९८ मध्ये, पॅरिसच्या जाँ पॉल गोतिये या डिझायनरनं तिच्यावरून कपड्यांचा संग्रह केला होता.

इथे मला पहिला धागा सापडला. फ्रिडानं कवच रंगवलं ते फॅशन म्हणून नाही. कवच तिला चुकणार नव्हतं. डॉक्टरनं दिलेली वस्तू तिनं आपली करून घेतली, एवढंच.

आता मामूंकडे येतो.

मामूंचं दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि भिंतीला टांगलेले अर्धवट कुर्ते. माझं अर्धं बालपण त्या फळीखाली चिंध्यांत गेलं. मी बीएच्या वर्गात होतो तेव्हाची, १९८८ च्या सुमाराची गोष्ट. ईदच्या आधीचे दिवस, कामाची गर्दी. एक गिऱ्हाईक पांढरा कुर्ता परत घेऊन आलं. काठावर तीन-चार लाल ठिपके. मामू म्हणाले पान खाणाऱ्या कुणाचे तरी असतील, धुऊन देतो. दुसऱ्या दिवशी आणखी एका कपड्यावर तसेच ठिपके. मग मामूंनी स्वतःचा डावा हात उजेडात धरला. करंगळीत मशीनची सुई आरपार जाऊन आली होती, आणि त्यांना कळलंच नव्हतं.

शिंप्याला सुई टोचलेली कळत नाही, याचा अर्थ काय हे आमच्या घरात कुणाला समजलं नाही. ज्यांना समजलं असावं ते बोलले नाहीत. दंडावर एक फिकट चट्टा होता, तो अम्मीनं पाहिला होता. हकिमाचा लेप झाला, मंत्रलेला धागा झाला. दीड वर्ष असं गेलं. शेवटी एका डॉक्टरांनी चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवून विचारलं, कळतं का? मग कोपरामागची शीर बोटानं चाचपली. ती दोरीसारखी जाड लागत होती. त्यांनी नाव सांगितलं. कुष्ठरोग.

ज्या जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय घेऊन आनंदवन उभं केलं, ज्या आनंदवनात या रोगानं बोटं गमावलेले हात चादरी विणतात, शेती करतात, चपला शिवतात, त्या जिल्ह्यात हा शब्द नवा नव्हता. तरीही तो आपल्या घरात आला की भिंती ऐकतील म्हणून माणसं हळू बोलतात. आमच्याही घरात तसंच झालं.

या रोगाविषयी एक मोठा गैरसमज आहे, तो आधी दूर केला पाहिजे. लोकांना वाटतं, कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं गळून पडतात. तसं नाही. या रोगाचे जंतू कातडीतल्या आणि हातापायांच्या नसांवर हल्ला करतात. नस मेली की दुखणं कळत नाही. १९४६ साली वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईनं पाहिले आणि जगाला पटवून दिलं की बोटं झिजतात ती मुख्यतः न कळलेल्या जखमांनी. चुलीवरचं गरम भांडं, बुटातला खिळा, पायात मोडलेला काटा. तुमच्या-माझ्या पायाला चालताना एका जागी रग लागली की आपण नकळत पाऊल तिरपं टाकतो, भार दुसरीकडे देतो, थोडं लंगडतो. हे लंगडणं म्हणजे निसर्गाचं औषध. बधिर पाऊल लंगडत नाही. ते त्याच जागी, तेवढ्याच जोरानं, हजारो वेळा पडत राहतं. आतलं मांस चेचलं जातं, फोड येतो, फुटतो, जखम हाडापर्यंत जाते. दुखणं हे किती मोठं लेणं आहे, हे ते हरवल्यावरच कळतं.

म्हणून या रुग्णांसाठी एक खास चप्पल तयार झाली. दवाखान्यात तिला एमसीआर चप्पल म्हणतात. तिचा आतला तळ एका मऊ रबराचा असतो. त्या रबरात हवेचे अगदी बारीक, बंद बुडबुडे असतात. पाऊल पडलं की रबर दबतं आणि भार एका जागी न राहता सगळ्या तळव्यावर वाटला जातो. खाली कडक रबराचा थर, म्हणजे बाभळीचा काटा वर येणार नाही. आमच्या भागात तर तो हवाच. पट्टे रुंद, नाहीतर बोटांच्या बेचक्यात कापतात. टाचेमागं एक पट्टा, कारण बधिर पावलाच्या बोटांना चप्पल धरून ठेवता येत नाही, ती निसटली तरी माणसाला कळत नाही. बकलाऐवजी चिकटपट्टी, कारण वाकड्या बोटांना बकल लागत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिच्यात एकही खिळा नसतो. सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं. राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू रुग्णांना ती मोफत मिळते.

एखादी वस्तू किती विचारानं बेतता येते, याचा मला ही चप्पल म्हणजे नमुना वाटतो. तिच्यातला प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी जखमेतून आलेला आहे. फॅशनच्या शाळेत पहिला धडा हिच्यावरच द्यावा.

मग अडलं कुठं? अडलं दिसण्यावर.

मामूंना मिळाली ती चप्पल जाड, काळी, बोजड होती. बाजारात तशी चप्पल कुणाच्याच पायात नव्हती. ती फक्त एकाच रोगाच्या माणसाच्या पायात दिसे. त्यामुळे मामू रस्त्यानं चालले की आधी लोकांची नजर पायाकडे जाई, मग चेहऱ्याकडे. त्यात गोळ्यांची भर. १९८३ पासून आपल्याकडे तीन औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला आणि हा रोग पूर्ण बरा होऊ लागला, ही वैद्यकाची फार मोठी कमाई. पण त्या तीन औषधांपैकी क्लोफाझिमिन नावाच्या औषधानं कातडीचा रंग तांबूस काळा होतो. पुढे तो हळूहळू जातो, पण मामूंच्या वेळी उपचार दोन वर्षांचा होता. गोरेपान मामू काळवंडले. पायात काळी चप्पल, चेहऱ्यावर काळी झाक. ईदला ज्या दुकानापुढे रांग लागे, तिथं चार कुर्ते येईनात. मामू म्हणाले, "रोग गेला, पाटी राहिली." दुकानदाराच्या तोंडी पाटीचाच शब्द येणार.

मग मामूंनी काय केलं? चप्पल पिशवीत ठेवायला सुरुवात केली. घरात ती घालायची, बाहेर पडताना साधे बूट. एका संध्याकाळी घरी येऊन बूट काढला तर मोजा रक्तानं भिजलेला. बुटाच्या टाचेचा खिळा वर आला होता. सकाळपासून तो पावलात जात होता, आणि मामू दिवसभर उभ्यानं कापड बेतत होते. त्या जखमेत त्यांच्या पायाची दोन बोटं गेली. मी सांगतो, ती बोटं रोगानं नेली नाहीत. रोगाला तर दोन वर्षांपूर्वीच हरवलं होतं. ती नेली लाजेनं. चप्पल योग्य होती, पण ती घालून रस्त्यावर जाण्याची हिंमत कुणी दिली नव्हती.

मध्ययुगातल्या युरोपात कुष्ठरोग्यांना हातात लाकडी खटखट्या किंवा घंटी ठेवावी लागे, असं इतिहासात वाचायला मिळतं. ती वाजली की लोक बाजूला होत. आपण म्हणतो, किती क्रूर काळ होता तो. पण आपल्या कायद्यातही खटखट्या होत्याच. १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्याचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. आणि हा रोग घटस्फोटाचं कारण होऊ शकत होता, ती तरतूद हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सगळ्यांच्या कायद्यांतून २०१९ मध्ये निघाली. या एका बाबतीत सगळे धर्म बरोबरीनं बसले होते म्हणायचे! कायद्याची खटखट थांबली. चपलेची मात्र पावलोपावली चालूच होती.

आता त्या फोटोकडे पुन्हा वळू. लंडन-पॅरिसची फॅशन एका दिशेनं चालते. ती निरोगी शरीरावर दुखण्याची खूण चढवते, आणि लोकांनी थबकून पाहावं असं तिला वाटतं. रुग्ण उलट्या दिशेनं चालतो. त्याच्या अंगावर खूण आहेच, ती लोकांनी न पाहता पुढे जावं एवढंच त्याला हवं असतं. कार्यक्रमातली मुलगी पंधरा मिनिटांनी पट्टा सोडते. मामूंची चप्पल सुटत नाही. म्हणूनच मला पहिल्यांदा राग आला होता, आणि तो राग अगदीच चुकीचा नव्हता, असं मला अजूनही वाटतं.

पण मुलीनं मला आणखी एक फोटो दाखवला, आणि माझं मत थोडं हललं. १९९८ च्या सप्टेंबरात मॅक्वीन यांनी आपल्या कार्यक्रमात एमी मलिन्स या अमेरिकन खेळाडूला चालवलं. एमीच्या पायात जन्मतः एक हाड नव्हतं, वर्षाची असतानाच दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. १९९६ च्या अटलांटाच्या पॅरालिम्पिकमध्ये ती धावली. मॅक्वीन यांनी तिच्यासाठी लाकडाचे पाय कोरून घेतले. त्यावर द्राक्षाचे वेल आणि फुलं. ती ते घालून चालली तेव्हा कित्येकांना ते उंच, नक्षीदार बूट वाटले. तिच्या पायांकडे लोक पाहत होते, पण कीव म्हणून नव्हे. हेवा वाटून! इथं दुखण्याची खूण उसनी नव्हती. जिची ती होती, तिनंच ती ठरवून मिरवली. फ्रिडाचा लाल बूट आणि एमीचे लाकडी पाय एका जातीचे आहेत. नुसत्या काळ्या पट्ट्यांचा झगा त्या जातीचा नाही. फरक एवढाच की तो कुणी निवडला.

वैद्यकाच्या वस्तूला पोशाखात जागा मिळू शकते, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण तर आपल्या नाकावरच आहे. चष्मा हे अधू डोळ्यांचं साधनच की. पूर्वी मुलीला चष्मा असला तर स्थळ येताना लोक कुरकुरत. आज डोळे चांगले असणारेही नुसती चौकट लावून फिरतात. कानातल्या यंत्राला मात्र अजून ते भाग्य लाभलेलं नाही, ते लपवूनच ठेवायचं. २०२० मध्ये करोना आला तेव्हा दवाखान्यातला मास्क सगळ्या जगाच्या तोंडावर चढला, आणि काही महिन्यांत लग्नात पैठणीच्या काठाचे मास्क दिसू लागले. सगळ्यांनाच घालायचा म्हटल्यावर लाज कुणाची? तेव्हा मला मामूंची फार आठवण आली.

जयपूर फूटचंही तसंच. परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी केलेला होता. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात उतरतो. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचा, पावलासारखाच दिसणारा, गव्हाळ रंगाचा पाय केला. त्या पायावर सुधा चंद्रन नाचल्या, त्यांच्यावर निघालेला चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथं वस्तू कुणाच्या अंगावर, कुठल्या अंगणात जाणार, याचा विचार आधी झाला होता.

आणि असा विचार करायला लंडनला जावं लागत नाही. आमच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं बाळाचा न्यूमोनिया ओळखायला एक साधन केलं. निरक्षर सुईणीला साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत, मग तिनं बाळाचे श्वास मोजायचे कसे? त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला औषध हवं. मणी ही तर माडिया-गोंड बाईच्या गळ्यातली ओळखीची वस्तू! तेच नवजात बाळांना ऊब देणाऱ्या कापडी पिशवीचं. गावातली आरोग्यदूत ती आपल्या थैलीत घेऊन घरोघर जाई. टोपडं आणि दुपटं एकत्र शिवल्यासारखी ती दिसते. आजी तिला नाक मुरडत नाही, कारण ती तिच्या ओळखीच्या बाळंत्यांतूनच आलेली आहे. अशा घरच्या घरी होणाऱ्या देखभालीनं त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही रीत आली.

राहता राहिला काळा रंग. फॅशनवाल्यांना तो गूढ वाटतो, कुणाला अशुभ वाटतो. पण आपल्याकडे संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतात, बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात, कमरेला काळा दोरा बांधतात. मंगळसूत्रात काळे मणी असतात, आमच्याकडे बाळाच्या दंडावरचा ताईतही काळ्या दोऱ्यातच. म्हणजे आपल्या समजुतीत काळा रंग राखण करणारा. वाईट नजर त्यानं आपल्या अंगावर घ्यायची. मामूंच्या चपलेचा काळा रंगही राखणच करत होता. फक्त नजर मात्र तिनं चुकवली नाही, ओढून घेतली.

बोटं गेल्यावर मामू तीन महिने घरात होते. एके दिवशी त्यांनी नवी मिळालेली काळी चप्पल मशीनजवळ घेतली. कुणाला काही बोलले नाहीत. तळाला त्यांनी हात लावला नाही, त्यातलं शहाणपण त्यांना दोन बोटं देऊन कळलं होतं. त्यांनी फक्त पट्ट्यांवर तपकिरी रेक्झिन चढवलं, काठाला कोल्हापुरीसारखी वेणी घातली, मागच्या पट्ट्याला आतून मखमलीचा तुकडा लावला. सगळं शिवून, डिंक लावून. खिळा नाही. सुई धरताना करंगळीवर पितळी अंगुस्ताना आणि त्याखाली जाड कापड, आणि दर थोड्या वेळानं हात उजेडात धरून पाहायचं, रक्त आलं का. ती चप्पल घालून ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. मशिदीच्या दारात चपलांचा ढीग असतो. नमाज झाल्यावर त्यांना आपली चप्पल शोधावी लागली. घरी येऊन ते हे मामींना तीनतीनदा सांगत होते, "शोधावी लागली, शोधावी लागली!"

पुढच्या वेळी दवाखान्यात गेले तेव्हा चपला देणारा कर्मचारी आधी रागावला, सरकारी वस्तूला हात का लावला म्हणून. मग त्यानं चप्पल उलटसुलट करून पाहिली, तळ दाबून पाहिला, आणि हळूच विचारलं, आणखी दोघांच्या करून द्याल का? मामूंनी पुढची पंधरा-सोळा वर्षं अशा किती चपला केल्या याची मोजदाद नाही. बायकांच्या चपलेला ते बारीक सोनेरी काठ लावत. हत्तीपायाच्या एका म्हाताऱ्या बाईला तर कुठल्याच दुकानात चप्पल मिळत नव्हती. हा रोगही आमच्या भागाला सोडत नाही. मामूंनी तिच्या पावलाचं माप कागदावर घेऊन तिला आयुष्यातली पहिली चप्पल दिली. पैसे घेतले ते फक्त रेक्झिनचे. ते २००९ मध्ये गेले. त्यांना फॅशन हा शब्द माहीत होता तो पाटलोणीच्या बॉटमपुरता.

आता या चपलाही वेगवेगळ्या रंगांत आणि बाजारातल्या चपलांसारख्या दिसणाऱ्या घडणीत होऊ लागल्या आहेत. उशिरा का होईना, ते शहाणपण आलं. डिसेंबर २००५ मध्ये देशानं कुष्ठरोगाच्या दूरीकरणाचं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण. पण दूरीकरण म्हणजे निर्मूलन नव्हे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडतात, त्यांत मुलंही असतात. म्हणून जाता जाता एक काम सांगतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, तर त्याचं काही दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. दुखत नाही हीच त्याची खूण. जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा, औषध फुकट आहे. लवकर घेतलं तर नस वाचते, आणि खास चप्पल कधी लागतच नाही. आणि ज्यांच्या पायाची जाणीव गेली आहे त्यांनी रोज रात्री पाय उजेडात पाहावेत, वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवावेत, तेल लावावं.

मुलगी सुट्टी संपवून नागपूरला परत गेली तेव्हा मामूंची जुनी चप्पल घेऊन गेली. मामींनी ती जपून ठेवली होती. वर्गात तिनं ती टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ओळखायला सांगितलं. कुणालाच ती औषधाची चप्पल आहे हे ओळखता आलं नाही. फोनवर हे सांगताना तिचा आवाज जरा भरून आला होता. मी मामींना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण चप्पल परत आणायला सांग तिला."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)